खुर्चीची ट्रॉली कचरागाडी नसल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
नवमालती रहिवासी संस्था,
इंदूर.

विषय : कचराघरात कुलूपबंद केलेली ट्रॉली रविवारच्या सकाळपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपली दि. २० मे ची नोटीस (ट्रॉलीच्या दांडीला सुतळीने बांधलेली).

महोदय,

१. सारी वसाहत वामकुक्षीत असताना तळमजल्यावरून 'टण्ण' असा संशयास्पद आवाज आला, असे नोटिशीत नमूद आहे. तो आवाज इडलीपात्रात नट पडल्याचा होता. अर्जदार आपल्या इलेक्ट्रिक मोटारीचा मागचा बंपर उतरवत होती, आणि निघालेले स्क्रू-नट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवायला इडलीपात्राच्या खळग्यांइतकी सोयीची जागा घरात दुसरी नाही. हे काम दुपारीच करावे लागले, कारण अर्जदाराची मुलगी वल्लरी, वय वर्षे पाच, तेवढाच वेळ झोपते.

२. मोटारीला मागे ट्रॉली जोडण्याचा हुक बसवून द्या, म्हणून अर्जदार बरीच गॅरेजे फिरली. सगळीकडे एकच उत्तर : "मॅडमजी, बॅटरीवाली को हम हाथ नहीं लगाते, करंट मारेगी." शेवटी हुकाचा संच मागवला, पुस्तिका दोनदा वाचली आणि स्वतःच गाडीखाली शिरली. गाडीच्या तळाशी बॅटरी पसरलेली असल्याने कुठेही नवे भोक पाडलेले नाही. सांगाड्याला कंपनीने ठेवलेल्या भोकांतच लोखंडी दांडा आवळला आहे. ज्या केशरी तारांपासून दूर राहावे असे पुस्तिकेत आहे, त्यांना वल्लरीने पुस्तिकेतले चित्र पाहून 'भुताच्या शेपट्या' असे नाव दिले, त्यामुळे तीही दूरच राहिली. अर्जदाराचे वडील श्री. बाळकृष्ण सुपेकर, रेल्वेतील निवृत्त गार्ड, खुर्चीत बसून टॉर्च धरत होते. "पोरी, जोडलं म्हणजे झालं नाही. हिसका दे. हिसक्याला टिकलं तर जोडलं," असे त्यांचे म्हणणे. हिसका दिला. टिकले. परिवहन कार्यालयाची परवानगीही मिळाली. अडले ते आपल्याच फाटकाशी.

३. आता बुधवारच्या सकाळी जे घडले ते. रिकामी ट्रॉली जोडून फाटकापर्यंत जाऊन यावे, इतकाच बेत होता. परंतु गार्डने शिट्टी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हा वडिलांचा जन्माचा नियम. त्यांनी जुनी टोपी चढवली, ओट्यावरून हिरवा झेंडा दाखवला आणि शिट्टी फुंकली.

मोठ्या कचरागाडीला आपल्या गल्लीत वळता येत नाही, म्हणून सफाईवाले शिट्टी वाजवत हातगाडी आणतात, हे आपणांस विदितच आहे. अर्जदाराच्या हे ध्यानात आले नाही, हा तिचा दोष. शहर स्वच्छ ठेवण्याची आपल्या लोकांना इतकी सवय जडली आहे, की शिट्टी ऐकताच पाय आपोआप बादलीकडे वळतात. मोटार आवाज न करता चालीच्या वेगाने जात होती. शेजारचे लक्ष्मण भिया अर्ध्या गालाला साबण लावलेले धावत आले, "अरे भिया, रुको तो!" वसुधाताईंनी केळीची साले टाकत कौतुक केले : "ठेका मिळाला वाटतं गं? चला, आपल्यातल्याच कुणाला तरी मिळाला." अर्जदार आरशात बघते तो ट्रॉली शिगोशीग!

वल्लरी शेजारून चालत होती. तिला शाळेत शिकवल्याप्रमाणे ती ओला-सुका वेगळा करू लागली. आमरसाच्या कोयींच्या एका पिशवीत तिला रिमोटचे सेल सापडले. ती पिशवी, अध्यक्षमहोदय, आपल्या घरची होती, हे लिहिणे जिवावर येते. "काका, हे ओल्यात नाही चालत. परत न्या," असे ती सर्वांसमक्ष म्हणाली. तिच्या सुराबद्दल अर्जदार क्षमा मागते. मुद्द्याबद्दल मागता येत नाही. त्यानंतर तासाभरात 'विनापरवाना कचरा संकलन' अशी नोटीस आली आणि ट्रॉली कचराघरात गेली, हा निव्वळ योगायोग आहे असे अर्जदार मानते.

नोटिशीचा परिणाम असा, की लोकांना आता खात्रीच पटली आहे. काल आणि आज, दोन्ही सकाळी अर्जदाराच्या दाराशी पिशव्या होत्या. काल कुणीतरी जुनी गादी टेकवून "अगली फेरी में ले जाना" अशी चिठ्ठी लावली.

४. मूळ गोष्ट वेगळीच आहे. दर रविवारी सकाळी रेल्वेतले जुने सोबती कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (जुन्या राजसमाध्यांपाशी) बसतात, मग पोहे-जिलेबी. वडिलांची बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची मिटत नाही, डिकीत मावत नाही. आणि खुर्चीवाचून ते तिथे पोहोचून करणार काय? ही ट्रॉली त्या खुर्चीसाठी आहे. खुर्ची आली तेव्हापासून ते एकदाही गेलेले नाहीत. सोबत्यांचा फोन आला की म्हणतात, "ऊन फार आहे रे." थंडीतही हेच म्हणाले. बुधवारी चाचणी झाल्यावर मात्र त्यांनी आपणहून त्या सोबत्यांपैकी शरदकाकांना फोन लावला, "रविवारी येतोय. जागा धरून ठेव." नोटीस आल्याचे त्यांनी अजून कळवलेले नाही. टोपीही खुंटीला लावलेली नाही. मांडीवर घेऊन बसतात.

५. सबब विनंती, की कचराघराची किल्ली उद्या, शनिवारी संध्याकाळी मिळावी. ट्रॉली धुऊन घेण्यात येईल. वसाहतीच्या हद्दीत शिट्टी वाजणार नाही. बरीच हुज्जत घातल्यावर वडिलांनी "झेंड्यावर भागवतो" असे कबूल केले आहे. आपले सेल अर्जदार स्वतः योग्य डब्यात टाकून आली आहे.

किल्लीची वाट पाहणारी,
आपली शेजारी व नम्र अर्जदार,
सौ. मंजिरी टोकेकर

इंदूर, शुक्रवार, दि. २२ मे २०२६

सोबत : परिवहन कार्यालयाच्या परवानगीची प्रत, खुर्चीसह वडिलांचे छायाचित्र (टोपी त्यांच्या आग्रहास्तव).

ता. क. : वल्लरी झोपली असता अर्ज लिहायला घेतला होता. ती आत्ताच उठली आणि पेन तिने घेतले, म्हणून या ओळी जांभळ्या पेन्सिलीने. काय लिहितेस, असे तिने विचारले, सगळे सांगितले. त्यावर तिने विचारलेला प्रश्न आपल्या अधिकारातला असल्याने जसाच्या तसा आपल्याकडे सादर करीत आहे : "आई, तू म्हातारी झालीस ना, की तुझी खुर्ची मी नेईन ओढून. तेव्हा मला पण काकांना विचारायला लागेल का?"