रक्तावरचं वय

मी, मन्मथअप्पा शिवलिंगअप्पा एकलारे, वय दाखल्यावर बासष्ट, धंदा रक्त-लघवी तपासणी, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी, आज पूर्ण शुद्धीवर आहे आणि कोणाच्या दबावाखाली नाही. माझ्यामागे वाद नको म्हणून हे लिहून ठेवतो.

१. राहतं घर मुलगा धोंडप्पा याचं. बँकेतली शिल्लक पत्नी भागम्मा हिची. तिने ती स्वतःवरच खर्चावी, नातवंडांवर उधळू नये.

२. लॅब, सूक्ष्मदर्शक आणि सगळ्या नोंदवह्या माझ्या मदतनीस कडूबाई यांना. वह्या रद्दीत घालू नयेत. आमच्याकडे वय विचारलं की माणूस रझाकाराच्या वेळी रांगत होतो म्हणतो आणि चिठ्ठीवर मनाला येईल तो आकडा पडतो. म्हणून शाळेचा दाखला असलेल्यांचेच हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन मी वयवार मांडले आणि नाव न बघता रक्तावरून वय सांगू लागलो. अंदाजच तो, पण बराच जुळायचा.

मी एक्कावन्न वर्षांचा असताना रक्तगट बघायचा म्हणून कडूबाईंनी माझं रक्त घेतलं आणि नुसता नंबर टाकून इतरांत ठेवलं. मी त्यावर सत्तर लिहिलं. त्या म्हणाल्या, "अप्पा, चौदा नंबरचं रक्त तुमचं हाय. आता त्या म्हाताऱ्याला काय सांगू?" जर्दा सुटला, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्यानंतरची अकरा वर्षं मी त्यांचीच देणगी मानतो. लॅब देऊन हे उपकार फिटत नाहीत.

३. डॉ. व्यंकटराव माझ्या वह्यांना पेशंटसमोर पंचांग म्हणाले. त्यांना माफ केलं. त्यांनी नेलेली माझी लाकडी खुर्ची मात्र परत आणावी.

४. धोंडप्पा, विम्यासाठी तू रक्त दिलंस तेव्हा प्रत्येक आकडा हद्दीत होता, म्हणून कागद पास झाला. मीही सगळं ठीक आहे म्हणालो. पण ते आकडे एकत्र मांडले तर छत्तिशीतल्या माझ्या मुलाचं रक्त चोपन्नचं निघतं. तुला सांगायला जीभ रेटली नाही, बाळा. मी भ्यालो. यावर इलाज आहे, मी स्वतः त्याचा पुरावा आहे. जर्दा सोड आणि दर सहा महिन्यांनी कडूबाईंपुढे हात कर.

हे कलम माझ्या मरणानंतर वाचलं तर उशीर होईल. म्हणून याची एक प्रत आजच धोंडप्पाच्या हातात दिली आहे. तो ओसरीवर बसून वाचतो आहे.

वाचून, समजून सही केली.
मन्मथअप्पा एकलारे

आमच्यादेखत सही झाली:
१. बन्सीधर सोनटक्के, औषध दुकानदार
२. चांगुणाबाई भोसले, शिक्षिका

गंगाखेड, १२ ऑगस्ट १९९१