ट्रक मी नेलाय, बाबा

बाबा,

ट्रक चोरीला गेलेला नाही, मी नेलाय. आधी बसा, मग पुढचं वाचा.

इंजिन झकास आहे! फ्युएल इंजेक्शनचं काढून तुम्ही हे जुनं कार्बोरेटरवालं बसवलंत, त्यात एक बोल्टसुद्धा चुकलेला नाही. तेव्हा ‘माझा हात गेला’ हे पालुपद आता बंद. टाकीत तेवढा इंजेक्शनचा पंप तसाच राहिला होता. तो इतक्या जोरात पेट्रोल ढकलायचा की बिचाऱ्या कार्बोरेटरच्या नाकातोंडात जायचं. मी तो काढून साधी नळी सोडली. इंजिनाचा स्वतःचा पंप हवं तेवढं ओढून घेतो. पहिल्याच चावीला सुरू झालं आणि मी अंगणात एकटीच नाचले.

चावी फिरवली की तो टाकीतला पंप चांगला घूं करायचा. मला काल दारापर्यंत ऐकू आला. तुम्ही केबिनमध्ये बसून ‘मागे सगळं शांत आहे’ म्हणालात. त्यावर आत्ता वाद नको.

ट्रक न्यायला तुम्ही बोलावलेला भंगारवाला आला तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवा. मी माल पोचवून संध्याकाळी येते. मग ह्याच ट्रकमधून आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. चालवा तुम्हीच.

रागावू नका. हॉर्न दिला, हाका मारल्या, तुम्ही पाठमोरे पाने-पकडी पुसत होतात. जवळ येऊन समोरच सांगणार होते. पण तुम्हाला ऐकू जाईल असं सांगायचं, तर सगळ्या गल्लीने ऐकलं असतं.