आधी पाणी, मग सुई

माई, आज दुपारी उदयनगरच्या अलीकडे एका घरी मी खोटं बोलले, आणि तेही तुझ्यावरून. आता दिवस कलायला आलाय. गावातल्या शाळेच्या ओट्यावर बूट-मोजे काढून बसले आहे; इथल्या मास्तरांनी मुक्कामाला एक वर्गखोली उघडून दिली आहे. उजेड आहे तोवर लिहून टाकते. माझी शाळा हिंदीत झाली, नोकरीही हिंदीत, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ अजूनही देवाच्या हवाली. लहानपणी मी देवासहून तुला पत्र टाकलं की तू ते लाल पेन्सिलीने तपासून उलट टपाली परत पाठवायचीस. लेकीने 'तुझी फार आठवण येते' म्हणून लिहावं आणि आईने त्यातल्या चुका काढाव्यात, ह्याला काय म्हणायचं? हे पत्र तुझ्या हाती पडणार नाही, तेवढीच माझी सुटका.

तुला जाऊन तिसावर वर्षं झाली, तेव्हा आधी माझी खबर सांगते. मी छप्पन्न वर्षांची आहे. टोंकखुर्दच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवत होते; मागच्या वर्षी मुदतीआधीच नोकरी सोडली, पाठीवर पिशवी टाकली आणि कन्याकुमारीहून काश्मीरकडे पायी निघाले. एकटी. नवस नाही, विक्रम नाही. आयुष्यभर पोरांच्या वहीत भारताचा नकाशा काढून घेतला, तो एकदा आपल्या पायांनी तपासावा, असं विचारणाऱ्यांना सांगते. काकूने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईच्या वळणावर गेलीस. तिचाही पाय घरात ठरत नव्हता." काकू आता नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं, पण तुझ्याबद्दलचं तिचं वाक्य शाबूत आहे: "नोकरी केली, पण लेकीला आई मिळाली नाही." तुझा विषय निघाला की ती हे म्हणते, आणि इतकी वर्षं मी मान डोलावत आले आहे. बाबा गेल्यावर तू नर्सचं शिक्षण घेतलंस, मला काकूच्या ओटीत टाकून इकडे उदयनगरच्या जंगलातली नोकरी धरलीस, ह्याबद्दल माझी तक्रार नाही; पोट कुणाला चुकलंय? पण मी आठवीत असताना तुझी देवासला बदली होत होती आणि तू ती नको म्हणालीस, हे मला काकूकडून कळलं. तुला कधी विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू करता करता तू गेलीस. माझ्यापेक्षा जास्त असं तिथे काय होतं, एवढं एकच मला ह्या वाटेवर बघायचं होतं.

म्हणून धामनोदला मी हायवे सोडला. सरळ घाट चढून इंदूर आणि पुढे देवास, असा धोपट मार्ग होता. ढाब्यावरच्या एका ट्रकवाल्याने माझा नकाशा बघून विचारलंसुद्धा, "माताजी, देवास तो सीधा है. आप दाएँ कायको मुड़ रही हो?" मी म्हटलं, "भिया, माँ जहाँ नौकरी करती थी, वहाँ से होके जाना है." "फिर तो मुड़ना ही पड़ेगा," तो म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला. मी घेतला नाही. वाटेत कुणाचं फुकट काही घ्यायचं नाही, असा नियम मी निघतानाच करून ठेवला होता, आणि नियम केला की मी तो पाळते, अगदी समोरच्याला त्रास होईपर्यंत पाळते.

महेश्वरपासून नर्मदेच्या काठाने चालू लागले आणि फजितीला सुरुवात झाली. त्या काठाने पाठीवर ओझं घेऊन जाणारी बाई दिसली की ती परिक्रमेलाच निघाली असणार, अशी सगळ्यांची खात्री! "नर्मदे हर, मैया! भोजन पाके जाओ." अगं, परिक्रमेची माणसं नदी ओलांडत नाहीत, आणि मी तर खलघाटच्या पुलावरून टंगळमंगळ करत, मध्ये थांबून फोटो काढत आले होते. दर गावी उभी राहून मी खुलासा करायचे, की मी परिक्रमावाली नाही, मला जेवण नको. एक आजोबा तर हात जोडून म्हणाले, "नहीं हो तो क्या भूख नहीं लगती?" तरी मी पुढे गेले. दुसऱ्याच्या नावाने वाढलेल्या ताटावर आपण कसं बसायचं, असा माझा ताठा.

तू शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचीस. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. काकू दारातूनच सांगायची, "आधी न्हाणीत जा, मग चुलीपाशी ये." आदिवासींच्या घरी तू जेवतेस, पाणी पितेस, हे तिला खपत नसे. तेव्हा काचेची सिरिंज आणि सुया दर वेळी उकळून घ्याव्या लागत, आणि तू ज्या घरी जाशील तिथल्याच चुलीवर त्या उकळायचीस. म्हणजे आठवडाभर सगळ्या डोंगराच्या चुली तुला मोकळ्या, आणि आपल्या घरची एक तेवढी आंघोळीनंतर. तू न्हाणीत जायचीस. ओल्या केसांनी येऊन बसायचीस आणि माझ्यासाठी भुट्ट्याचा कीस करायला घ्यायचीस. मी कणसं किसते आहे, तू मोहरी तडतडवते आहेस, काकू पाठ करून पोळ्या लाटते आहे आणि तरी तुझ्या हाताशी न मागता हिंगाची डबी सरकवते आहे. तुमच्या दोघींचं भांडण मला कधी नीट कळलं नाही.

चौथीच्या परीक्षेनंतर एका सुट्टीत तू मला बरोबर नेलंस. तू पुढे, मी मागे. तुझ्या खांद्याला लशीचा बर्फाचा डबा, माझ्या हातात सुया उकळायचं झाकणाचं भांडं. एकेक घर एकेका टेकाडावर, एका घरून मारलेली हाक दुसऱ्या घरी पोचायची नाही. पहिल्या घरी पोचल्यावर तू काम काढतच नाहीस. बाजेवर बसतेस, बकरी व्यायली का विचारतेस, पाणी मागतेस. पाणी पिऊन होईपर्यंत डब्याचं झाकण उघडायचं नाही, हा तुझा शिरस्ता. "आधी पाणी, मग सुई," तू मला वाटेत सांगितलेलं असतं. "जिच्या हातचं पाणी मी पीत नाही, तिने आपलं पोर माझ्या हाती का द्यावं?" त्या घरच्या बाईने वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून मलाही पाणी पुढे केलं. मी काकूच्या घरात वाढलेली. तुंब्याचा काळपट काठ बघून तोंड फिरवलं. तू तिथे चकार शब्द काढला नाहीस. पोरांना टोचून झालं, आपण नाल्यापर्यंत उतरलो, आणि तू डबा खाली ठेवलास. "परत जा," म्हणालीस. "एकटी जा. तिला म्हण, पाणी दे. पिऊन ये." मी रडायला लागले. तू म्हणालीस, "रड, पण चालता चालता रड. देणाऱ्याचा हात पुढे आला की आपला मागे घ्यायचा नसतो." मी एकटी चढून गेले. पाणी गार होतं, त्याला धुराचा वास होता, आणि मी दोनदा मागून प्यायले. ती बाई हसत होती. एकटीने चाललेली ती माझी पहिली वाट, आणि ती तू दिलीस.

आज सकाळी खालच्या गावातून निघाले तेव्हा गुडघा कुरकुरत होता. सागाची पानं वाळली आहेत, पाऊल टाकलं की दहा माणसं मागून येताहेत असा आवाज होतो. तीन ठिकाणी विचारलं: पूर्वी इथे एक मराठी नर्सबाई यायची, ठेंगणी, पायी फिरणारी, आठवते का? दुकानदार म्हणाला, "अब तो सब गाड़ी से आती हैं." एक जण म्हणाला, "बहुत आईं, बहुत गईं." तिसऱ्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. दुपारपर्यंत माझं पाणी संपलं आणि उमेदही संपत आली. मग चढावर एक घर लागलं. अंगणात एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती, नातसून शेजारी बसून खडे वेचत होती. मी काही बोलायच्या आत म्हातारीने तिला खूण केली, आणि लोटा पुढे आला. मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. मग हात पुढे केला.

पाणी पिऊन झाल्यावर तोच प्रश्न विचारला, पण सगळं वर्णन सांगायचं त्राण नव्हतं. "माँजी, पहले यहाँ एक नर्सबाई आती थी, टीके लगाने. बहुत साल हुए."

म्हातारीचं सूप थांबलं. "आती थी नी," ती म्हणाली. "म्हारो छोरो मर रयो थो. उल्टी-दस्त लगे थे. उ तीन दिन यहीं रही, चम्मच-चम्मच पानी पिलायो." तिने हात लांब करून खालच्या शेतात दाखवलं. तिथे एक माणूस फावड्याने गव्हाला पाणी वळवत होता. "उ देख. ऊ छोरो. या उकी बहू."

मी विचारलं, "दिखती कैसी थी?"

"ऊँची. खूब ऊँची, झुकके घर में आती थी. चश्मो लगाती थी. फटफटी पे आती थी."

माई, तू पाच फुटांना दोन बोटं कमी. चष्मा शेवटपर्यंत लावला नाहीस, आणि फटफटी कसली, सायकलच्या कॅरिअरवरसुद्धा डोळे मिटून बसायचीस. ही कुणी दुसरी, तुझ्यानंतर आलेली. मी लोटा खाली ठेवला. नातसून माझ्या तोंडाकडे बघत होती. "दादी पूछ रही है," ती म्हणाली, "वो आपकी माँ थी क्या?"

मी म्हटलं, "हाँ."

म्हातारी उठली, माझे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले आणि तिच्या बोलीत भराभर काही म्हणाली. मला कळलं नाही. नातसून म्हणाली, "दादी कह रही है, तुम्हारी माँ तीन दिन हमारे घर थी. तो तुम किसके पास थी?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं. छप्पन्न वर्षांच्या बाईला शोभेल असं मुळीच नाही. "काकी के पास," मी कसंबसं म्हटलं. म्हातारीने मान हलवली. "उके भी म्हारी राम-राम केजे," ती म्हणाली, "छोरी संभाली." मग मक्याची रोटी आणि लसणाची चटणी आली, आणि मी जेवले. दुसरी रोटी मागून घेतली. आठवडाभर ज्याच्या-त्याच्या ताटाला नको म्हणत आले, आणि शेवटी जे सरळसरळ दुसरीचं होतं त्यावर बसले.

उतरताना दोनदा थांबले. परत जाऊन खरं सांगावं असं वाटलं. पाय वळले नाहीत. त्या उंच बाईलाही कुणी मुलगी असेल, कुणाच्या तरी ओटीत टाकलेली. म्हातारीचा तो प्रश्न त्या मुलीचा होता आणि मी तो मध्येच घेतला. ती कुठे भेटली तर तिचे पाय धरीन. पण तुझीही अशी तीन-तीन दिवसांची घरं ह्या डोंगरात असतील, माझी वाट त्यांच्यावरून गेली नाही, एवढंच. बदली का नाकारलीस ते आजही मला कुणी सांगितलं नाही. पण तो माणूस गव्हात उभा होता, फावड्याने बांध फोडत होता, मध्येच थांबून बिडी पेटवत होता. त्याला बघितल्यावर तुला पुन्हा ते विचारावंसं मला वाटत नाही. मी तुझी ऋणी आहे, माई. त्या नाल्यापाशी डबा खाली ठेवलास त्याबद्दल, आणि माझं रडणं बघूनही परत पाठवलंस त्याबद्दल. तू तेव्हा मला घेऊन तशीच पुढे चालू लागली असतीस तर आज मी लोट्याला नको म्हणून पुढे गेले असते.

चार दिवसांत देवासला पोचेन. काकू गरम पाणी काढून देईल, वाढेल, आणि जेवण अर्ध्यावर आलं की आपलं वाक्य म्हणेल. ह्या वेळी मी मान डोलावणार नाही. तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगेन, "तिकडच्या एका बाईने तुला राम-राम सांगितलाय, पोर सांभाळलीस म्हणून." ती थोडी रागावेल, आणि मग दिवसभर जो येईल त्याला हे सांगत बसेल. नर्सबाई किती उंच होती ते मी तिला सांगणार नाही.

हे कागद तिच्या घरी जाण्याआधी फाडून टाकीन. तुला मात्र एक सांगायला हवं. म्हातारी 'ऊँची' म्हणाली ना, तेव्हा रडू नंतर आलं. आधी मला बरं वाटलं होतं, की चला, तुला इथे कुणी ओळखत नाही, म्हणजे माझा एवढ्या वर्षांचा राग बरोबरच होता.