बिनडोळ्यांचा मुखवटा

६ जानेवारी, पेण
आले एकदाची! पुण्याहून उतरले ती थेट पोह्यांच्या पापडांवर तुटून पडले; पोटाचं काय व्हायचं ते होवो. कामही झकास आहे. ग्रीसच्या शेजारी, थ्रेस प्रांतात, मागच्या वर्षी एका टेकाडाखाली कबरी निघाल्या. एकीत मातीचा मुखवटा होता. नाक, ओठ, दाढी सगळं रेखीव, फक्त डोळ्यांच्या जागा कोऱ्या, आणि संशोधक म्हणतात, मुद्दाम कोऱ्या. मुंबईतल्या प्रदर्शनासाठी त्याची हुबेहूब प्रतिकृती हवी म्हणून संग्रहालयाने मला पाठवलंय. मूर्तींचं गाव सोडून ती आणखी कुठे होणार?

९ जानेवारी
कारखान्याचे मालक महिपतीकाका म्हणजे वल्ली. जन्मभर गणपतींच्या डोळ्यांची आखणी केली. त्यांची बायको ठमाबाई म्हणते, माझ्याकडं कधी एवढं निरखून बघितलं नाय. मूळ मुखवट्यावरून घेतलेला साचा थ्रेसहून आलाय, कबरीची थोडी माती अजून चिकटलेली. काकांनी ती न झाडताच शाडू भरला.

१४ जानेवारी
तीळगूळ घेऊन गेले तर मुखवटा माझ्याकडे बघतोय! काकांनी डोळे आखले होते. वर मलाच सुनावलं, डोळ्यांबिगर मूर्ती आमच्या कारखान्यातनं बाहेर जात नाय. डोळे थेट काकांचेच, डाव्यातला लाल ठिपकासुद्धा तसाच. चिडले, पण संक्रांतीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं?

१५ जानेवारी
काकांना दिसेनासं झालंय. डॉक्टरांना काही दोष सापडला नाही. काका म्हणतात, दिसतंय, पण फळीवरनं दिसतंय. खाली बसलेला मी बी दिसतो. फळीवर मुखवटा आहे. त्यांच्या मुलीने, रोहिणीने, त्याच्यापुढे गुपचूप फडकं धरलं. काकांनी फडक्याचा रंग सांगितला. मला भीती वाटतेय, खरंच वाटतेय.

१६ जानेवारी
ठमाबाईंनी हात जोडले, पुस गो बाय ते डोळं. मलाही तोच उपाय वाटला. थिनरमध्ये बोळा बुडवून मीच पुसले. काका किंचाळले.
त्यांच्या पापण्यांखाली आता बुबुळं नाहीत. पांढरं, गुळगुळीत, शाडूसारखं. त्यांचे डोळे मी पुसले. मी.
फोडायचा धीर झाला नाही. खोक्यात घालून टेम्पोने मुंबईला धाडला. डोळ्यांत रंग उरलेला दिसला तर पुसून घ्या, असं संग्रहालयाला कळवलं.

१७ जानेवारी
उठल्यापासून काळोख. मग काळोखात पेंढा दिसला. खोक्यातला.
त्या खोबणींवरून शेवटचा हात माझा फिरला — म्हणून आता माझे डोळे तिथे —
रोहिणीने संग्रहालयाला फोन लावून दिला. पुसू नका म्हणून रडले. तिकडची बाई हसली. म्हणाली, कालच तर तुम्ही पुसायला सांगितलंत. आता कुणी उचलत नाही. रोहिणी मुंबईला निघालीय. वेळेत पोचणार नाही.

अंदाजाने लिहितेय. ओळी एकमेकींवर पडत असतील.
झाकण उघडलं — उजेड. एक मुलगी वाकून बघतेय. हसली. म्हणजे डोळे आवडले तिला. मग तिने हातातला कागद वाचला, माझाच निरोप —
बाटली उघडतेय
अगं नको. मी आहे इथे, मी बघतेय तुला — कापूस ओला केला — नको ना ग — जव