जिन्याखालचा डबा

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. सगळ्या यंत्रांना आज सुट्टी! मिक्सर, शिलाई मशीन, यांची स्कूटर. यंदा जिन्याखालच्या डब्यालाही मान दिला — एवढी वर्षं बिचारा राहूनच जायचा. खालचे आम्ही, वरची पंकजा, दोन्ही घरांच्या लॅपटॉपवरचे फोटो, गाणी, कागद त्या एकाच डब्यात साठवलेले. त्याची वायर काढली, शेजारच्या इंटरनेटच्या पेटीचीही. पुसून विभूती, कुंकू, वर शेवंती. हे म्हणाले, "वेदा, आंघोळ तेवढी घालू नकोस त्याला!"

२ ऑक्टोबर

दसरा. मैसूरला राहून मिरवणुकीचे हत्ती टीव्हीवरच पाहिले. गर्दीमुळे गल्लीबाहेर पाऊल टाकायची सोय नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं परत लावलं. दिवे लागले, पण लॅपटॉपवर डबा सापडेना! आत सासूबाईंचं मुसळपूजेचं गाणं आहे. त्या गेल्या, आता त्याचे शब्द कुणालाच येत नाहीत. सिंधूच्या लग्नाची मुसळपूजा बुधवारी. पोरीने बजावलंय — "अम्मा, आजीचं गाणं नाही तर मी मुसळाला हात लावणार नाही." हट्टी! माझ्यावरच गेलीय.

४ ऑक्टोबर

यांचं एकच पालुपद — "वरचीनेच बंद केलं असणार." पंकजा माझी धाकटी जाऊ. टेलिफोन ऑफिसात होती, डबा तिनेच बसवला. तिचे यजमान केशवभावोजी गेले आणि वर्षाच्या आतच स्कूटर लावायच्या जागेवरून यांचं नि तिचं वाजलं. दोन वर्षं जिन्यात भेटलो की माना खाली. खरं सांगते, मलाही वाटलं — तिनेच केलं.

५ ऑक्टोबर

दुकानातून माणूस आला. पासवर्ड मागितला. यांना आठवेना. "मग सगळं पुसून नव्याने लावू?" पुसून म्हणे! हाकललाच त्याला.

६ ऑक्टोबर, सोमवार

पुरणाची होळिगे केली. चार ताटलीत घेऊन वर गेले. पंकजाने दार उघडलं, मी तोंड उघडायच्या आत — "अक्का, पूजेला वायरी काढल्यास ना?" आणि हसली. दोन वर्षांनी!

खाली आली, पदर खोचून जिन्याखाली बसली. म्हणे, एरवी वीज गेली तरी डबा नि पेटी दोन्ही बॅटरीवर चालतात. मी काढून ठेवलं, तर पेटीने डब्याला नवाच नंबर दिला. "तुझा लॅपटॉप जुन्या दारावर थापा मारतोय, अक्का. माणसाने घर बदललंय!" नंबर कायमचा पक्का केला, पासवर्ड मला कॅलेंडरमागे लिहायला लावला. वीस मिनिटं! वर दटावलं — "पुढल्या वर्षी कुंकू वरून लाव. भोकात नको."

गाणं लागलं. सासूबाईंचा आवाज! मधेच केशवभावोजी — "अम्मा, पुढचं कडवं!" त्यांनीच रेकॉर्ड केलेलं ना. पंकजा डोळे मिटून बसली होती. "परत लाव ना, अक्का." तीनदा लावलं. तिची कॉफी गार झाली. वर तिच्याकडेही हेच गाणं लागतं, मग इथेच तीनदा कशाला? मनात आलं, पण विचारलं नाही.

काय काय चिंतलं होतं मी तिच्याबद्दल! देवा, क्षमा कर. पंकजा, तुझे उपकार गं.

८ ऑक्टोबर

मुसळपूजा झाली. डब्यातलं गाणं ऐकत पंकजाने एकेक ओळ सांगितली, आम्ही सगळ्या मागून. सिंधू रडली, मग हसली, मग परत रडली. भरून पावले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी हे कॉफी न पिताच म्हणाले, "वेदा, डबा कुणी उघडायचा त्या यादीतून तिचं नाव मी काढलं होतं. भांडणाच्या दिवशीच." तेव्हा बरा आठवला पासवर्ड!

दोन वर्षं तिने नवऱ्याचा आवाज ऐकला नाही. पासवर्ड तिला तोंडपाठ. सोमवारी डबा दुरुस्त करताना यादी तिच्या समोरच होती.

आत्ता कॅलेंडरमागचा पासवर्ड घालून मीच यादी पाहिली. तिचं नाव अजूनही नाही.

यांना वर पाठवलंय. म्हटलं, नाव कसं घालायचं ते तिलाच विचारून या.