दुसऱ्याच्या देवापुढचा दिवा

पहिला आला तो दलाल, माय. चपला घालूनच ओसरीवर चढला आणि कोणी बस म्हणायच्या आधी बसला. त्याच्या मागून घर विकणारा, आणि सगळ्यात शेवटी, खाकरत खाकरत, विकणाऱ्याचा मोठा भाऊ. तिघांचे डोळे आधी घरभर फिरले, मग माह्याकडे.

हो, घर. तुले सांगायचंच राह्यलं. वाशीमले, बाजाराच्या मागच्या गल्लीत, तुह्या लेकीनं घर घेतलं. मले नातवंडं झाली तवा कुठं हे जमलं. माह्या पाटल्या मोडल्या, म्हणून कागद माह्या नावाचा. रजिस्टरीच्या दिवशी मी सही केली, अंगठा नाही. दुसरीपर्यंतची शाळा त्या दिवशी कामी आली. तुहा जावई बाहेर आल्यावर म्हणते, "सही करून राह्यली होती का रांगोळी काढून राह्यली होती?" म्हटलं, "तुमाले काय करायचं, घर माहं हाय."

मले वाटत होतं, घराची किंमत दिली का घर झालं. कायचं. दलालाची दलाली वेगळी, आणि त्यानं केलं काय, तर दार दाखवलं, जे मले रस्त्यावरूनच दिसत होतं. कागद लिहिणाऱ्याची लिहिणावळ वेगळी. साक्षीदार दोघं जिलेबीवर असे बसले जसं घर त्यायनंच बांधलं. मग विकणाऱ्याची बहीण आली. घर विकलं का घराच्या लेकीले घेणाऱ्यानं लुगडं द्यावं लागते म्हणे. दिलं. तर ती पदर चिमटीत धरून म्हणते, "विरळच हाय." तिच्या अंगावरचं पाह्यलं असतं तू, त्यातून पलीकडची गल्ली दिसत होती.

पण खरी अडचण देवांची. सैपाकाच्या खोलीत कोनाड्यात त्यायचे देव तसेच बसलेले. विकणारा म्हणाला होता, "चांगला दिवस पाहून नेतो. तवरोक सांजच्याले दिवा तेवढा लावत जा, बाई." आमीही हो म्हणून बसलो, देवाले नाही कसं म्हणावं. दुसऱ्याचे देव आपण हलवायचे नाहीत, आणि ते बसलेले असताना तिथं आपली चूल मांडायची नाही. म्हणून दोन महिने झाले, मी माह्याच घराच्या अंगणात तीन दगडांवर भाकरी करून राह्यली. दर आठवड्याले त्यायच्यातलं कोणीतरी दर्शनाले येते, जेवते, आणि हात धुता धुता म्हणते, "आज काही न्यायसारखा दिवस नाही." जेवायले मात्र रोजचाच दिवस चांगला.

तर परवा हे तिघं. मोठ्या भावानं कोनाड्यापुढं हात जोडले, आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "आमच्या बापजाद्यांचा दिवा अजून या घरात जळून राह्यला. दिवा आमचा तर ताबा आमचा. कागदाचं सोडा. वरून काही द्या, मग देव हलतीन." दलाल अशी मान डोलवे जशी पोथीच ऐकून राह्यला. तुहा जावई जमिनीकडे पाहत बसला. भला माणूस, पण अशा वेळी त्याचा उपयोग खांबाएवढा.

आणि मले आपलं मेडशी गाव आठवलं, माय. मालकाच्या गोठ्यालगतची आपली खोली. मी सात-आठ वर्षांची आहे, तू मालकाच्या तुळशीपुढं दिवा लावून राह्यली. तेल आपलं, वात आपल्या फाटक्या धडप्याची. मी इचारते, "रोज आपणच लावतो, मंग घर आपलंच ना?" तू माह्या दंडाले चिमटा काढला. "दिवा लावल्यानं कोणाचं घर होत नाही. वात सरळ कर." पुढं त्यायनं आपल्याले एका दिवसात काढलं, आणि त्या दिवशीही तू दिवा लावून मग गाठोडं उचललं. मी किती वर्षं रागावली होती तुह्यावर त्या दिव्यापायी.

मी म्हटलं, "दादा, तेल कोणाचं?"

"तुमचं."

"वात?"

"तीही तुमचीच असंन."

"लावते कोण?"

तो खाकरला. म्हटलं, "दिव्यानं ताबा होत असता तर मेडशीले आख्खं घर माह्या मायचं असतं. अकरा वर्षं लावला तिनं. तिथल्या घरमालकाले तुमचा हा कायदा ठाऊक नसंन. जाऊन सांगून या त्याले, मंग माह्याकडे या."

दलाल हसला आणि मग आपण कोणाकडून आलो ते आठवून त्यानं तोंडावर हात धरला. विकणारा भावाचा हात ओढून म्हणे, "चाल न दादा, कायले शोभा करून घेतं." दारात मोठा भाऊ म्हणाला, "बुधवारी येतो देव न्यायले." म्हटलं, "सकाळीच या. जेवायची वाट पाहू नका."

कागदाच्या कच्च्या मसुद्यामागं हे लिहून राह्यली, माय. तू गेली तिथं पोचायले टाकायचं कोणत्या पेटीत, ते काही मले माहीत नाही. डाळीच्या डब्याखाली राहीन हे. एक गोष्ट त्यायले नाही सांगितली, तुले सांगते. तेल माहं, असं त्याच्याच तोंडून वदवलं, पण कोणतं ते नाही म्हटलं. भजे तळून उरलेलं काळं तेल, दोन महिने तेच घातलं मी त्या दिव्यात. तुह्या हातून हे झालं नसतं. परवापासून ताजं जवसाचं घालते, वातही सरळ करते. देवांनी माहं काय वाईट केलं होतं. बुधवारी येतो म्हणाले आहेत.