कुलूप लावायचं नाही

माहुल, मंगळवार

नीलम,

तपासणी याच आठवड्यात होणार, हे आज महापालिकेच्या साहेबांच्या शिपायाने स्वतः सांगितलं. माहुलमधून हलवून आम्हाला परत घाटकोपरला घरं द्या, असा अर्ज आम्ही सगळ्यांनी मिळून केलाय. आता अर्जदार इथे खरंच राहतात का, हे साहेब दारोदार येऊन बघणार. ज्याच्या दाराला कुलूप, त्याचं नाव कापणार. मागच्या खेपेला शेजारची मालन दवाखान्यात गेली आणि तेवढ्यात तिचं नाव गेलं. ती आज मला म्हणाली, "इथून सुटायचंय ना तुला? मग दारात बसून राहा गं."

बाबा सारखं माझं नाव घेतायत, असं तू काल देवगडहून फोनवर म्हणालीस. मी म्हटलं, रजा मिळत नाही. ते खोटं होतं. तुझ्या भावोजींना कामावर जावंच लागतं, म्हणून दारात मलाच बसायला हवं, आणि आमच्या श्वेताचा दमा इथल्या कारखान्यांच्या हवेत वाढतच चाललाय.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू म्हणशील, "कुलूप घाल आणि नीघ," आणि मी निघेन.

शुक्रवारपर्यंत साहेब येऊन जातील. बाबांबद्दल मात्र डॉक्टर उद्यापलीकडचं काही बोलत नाहीत.

तुझी ताई,
मीरा